एकशे त्रेसष्ट वेळा मान्य

अंबाजोगाईच्या स्टँडवर सकाळी सातला, घाटनांदूरच्या गाडीची वाट पाहता पाहता, माझा अंगठा अडला. दुखला-बिखला नाही, नुसता अडला. बायकोनं, विमलनं, गॅसची टाकी नोंदवायचं एक अॅप फोनमध्ये घ्यायला सांगितलं होतं, ते उघडलं. नेहमीप्रमाणे बारीक अक्षरांचा गच्च मजकूर आला, त्याच्या बुडाशी नेहमीचा चौकोन आला, 'मी वरील सर्व अटी व शर्ती वाचल्या असून त्या मला मान्य आहेत', आणि एरवी डोळ्यांच्या आधी तिथं पोचणारा अंगठा चौकोनावर नुसताच तरंगत राहिला. शेजारी कॉलेजची एक मुलगी बसली होती. तिला माझी कीव आली असावी. म्हणाली, "काका, तिथं टिक करा, मग पुढं जातंय ते." मी म्हटलं, "माहीत आहे बाळा, माझं कामच आहे ते." ती हसली. गाडी आली तेव्हा मी फोन तसाच खिशात टाकला, आणि टाकताना बोटांना आतला लिफाफा लागला.

लिफाफ्यात एक टाइप केलेला कागद होता. काल संध्याकाळी संस्थेचे चेअरमन मोहनराव यांनी तो माझ्या हातात दिला, खांद्यावर हात ठेवून, म्हणजे ते फारच गरजेत होते. कागदावर तीन ओळी. 'मी, खाली सही करणार, दूध संस्थेचा सचिव, लिहून देतो की दिनांक ९ मे २०१९ रोजी सर्व सभासदांना करारनामा शब्दशः वाचून दाखवला, त्याचा अर्थ समजावून सांगितला, व त्यानंतरच त्यांच्या संमतीने मान्यता नोंदवली.' खाली माझं नाव, शुद्धोधन ज्ञानोबा, आणि सहीपुरती मोकळी जागा. तो करारनामा मी वाचून दाखवला नव्हता. कारण तो मी वाचलाच नव्हता. आता वाचतो कोण, हे मला कुणी सांगावं. अंबाजोगाईत माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, दोन वकील आहेत, त्यांतल्या एकानंही फोनमधला करार कधी वाचलेला नाही आणि वाचल्याची शपथ मात्र दिवसातून दोनदा घेतात. सगळेच खोटं बोलतात म्हणून त्या खोट्याचं कुणाला काही वाटत नाही. मलाही चौदा वर्षं सचिवगिरी करून काही वाटलं नव्हतं. फरक एवढाच की बाकीचे आपापल्या नावानं खोटं बोलले आणि मी एकशे त्रेसष्ट जणांच्या नावानं.

त्या वर्षी आमच्याकडं टँकरशिवाय पाणी नव्हतं आणि छावणीशिवाय चारा नव्हता. संस्थेनं गावाबाहेरच्या माळावर हिरव्या जाळ्या ताणून जनावरांची छावणी घातली होती. जनावरांबरोबर माणसंही तिथंच राहत होती, कारण दावणीला बांधून घरी निघून जावं असं जनावर इथं कुणाचं नाही. चारा वरच्या दूध संघाकडून यायचा, आणि संघानं कुठल्याशा कंपनीचं अॅप आणलं: जनावराच्या कानात पिवळा बिल्ला, तो रोज सकाळी फोननं टिपायचा, टिपला तर त्या दिवसाची वैरण. त्यासाठी प्रत्येक मालकाच्या फोनमध्ये अॅप हवं, आणि अॅप चालू व्हायचं तर आधी मान्य करायला हवं. नऊ तारखेला दुपारी मी संस्थेच्या ओसरीवर टेबल टाकून बसलो. माणसं एकेक येत होती, धोतराच्या घडीतून, ब्लाऊजच्या आतून, प्लॅस्टिकच्या पिशवीतून फोन काढून माझ्यासमोरच्या घमेल्यात ठेवत होती. मी एक उचलायचा, मान्य दाबायचं, आलेला आकडा मोठ्यानं वाचायचा, भरायचा, परत द्यायचा. दीड तासात घमेलं रिकामं. मधेच साखराबाईनं, जिची एकच गाय आहे, फोन घमेल्यात न ठेवता माझ्या हातात दिला आणि विचारलं, "लिवलंय काय बाबा त्येच्यात?" मी मान वर न करता म्हणालो, "काही नाही मावशी, नेहमीचंच. वाचलंय मी." तिनं पदर सावरला. "तू वाचलंस म्हंजी आमी वाचलं," ती म्हणाली, आणि मागच्या बाईलाही तेच सांगितलं, आणि तिनं तिच्या मागचीला. मी ते ऐकलं. दाबत राहिलो.

हे 'तू वाचलंस म्हंजी आमी वाचलं' माझ्यासाठी कुणी नव्यानं काढलेलं नव्हतं. ते माझ्या वडिलांचं होतं, मला वारशात आलं. छप्पन सालानंतर आमच्या वस्तीत जी दोन-चार माणसं हट्टानं अक्षर शिकली त्यांत ज्ञानोबा, आणि पुढं सगळ्या गावात कागद वाचणारा म्हणून तोच एक भरवशाचा. तलाठ्याची नोटीस असो, सोसायटीचा अर्ज असो, सोयरिकीचं पत्र असो, ज्यांच्या उंबऱ्याच्या आत आम्हाला जायची सोय नव्हती त्यांचेही कागद तो अंगणाच्या कडेला उभा राहून वाचायचा. एकदा वाचायचा, सावकाश, ओळीखाली बोट धरून, आणि मग म्हणायचा, "आता ठेवा अंगठा." त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय अंगठा ठेवायचा नाही हा गावाचा रिवाजच पडला होता. मला शाळेत सगळे वाचणाऱ्याचा पोरगा म्हणायचे. त्या नावाचा मला फार तोरा होता. बाप वाचत असताना मी त्याच्या पाठीशी उभा राहून अक्षरं लावायचो, आणि एकदा, नऊ वर्षांचा असेन, मी एक पोस्टकार्ड लावलं. पारूबाईचं होतं, तिचा मुलगा पुण्याकडं खडीच्या खाणीत कामाला होता. कार्डात लिहिलं होतं की तो दगडाखाली सापडून गेला. वडिलांनी बोट फिरवत, अजिबात न अडखळता वाचलं, "पोरगा लई आजारी हाय, लवकर येऊन जावं." ती रडत रडत, पण पाय उचलत गाडीला गेली. वस्तीकडं परतताना मी म्हणालो, "आण्णा, तुमी खोटं वाचलं." त्यांनी वाटेतला काटा वाकून बाजूला टाकला. मग म्हणाले, "रस्ताभर तरी तिचं लेकरू जितं राहील." मला तेव्हा बापाचा अभिमान वाटला की भीती वाटली हे आजही नक्की सांगता येत नाही. त्यानंतर मात्र तो कुठलाही कागद वाचू लागला की मी पाठीमागं उभा राहणं सोडून दिलं.

गाडी घाटनांदूरच्या अलीकडं आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी अजून शहाण्यासारखं एक काम केलेलं नाही: निदान आता तरी तो करार वाचावा. इतके दिवस सुचलं नाही याची स्वतःलाच लाज वाटली. मी छावणीचं अॅप उघडलं. करार नाही. इकडं दाबलं, तिकडं दाबलं, आडव्या तीन रेघा, दातेरी चाक, सगळं झालं. एका कोपऱ्यात फक्त एवढंच: 'आपण ०९-०५-२०१९ रोजी करारास मान्यता दिली आहे', आणि समोर एक हिरवी खूण. आत जायचा दरवाजा एकच होता, आणि मी आत गेल्यावर तो लागला होता. खिडकीबाहेर तोच तो माळ, तेच बाभळीचे खुंट, ओढ्याकडेला टँकरच्या पाण्यासाठी लागलेली माणसांची रांग. मी वरच्या खिडकीची काच सरकवायला गेलो तर तीही गंजून बसलेली. "न्हाई निघायची ती, गेल्या सालापासून तशीच हाय," कंडक्टर म्हणाला.

काल दुपारी सगळ्यांच्या फोनवर एकाच वेळी संदेश आला होता. संघाला इथं चारा पोचवणं परवडत नाही, सबब जनावरं सोमवारी ट्रकनं गेवराईच्या पुढं गोदाकाठच्या मोठ्या छावणीत हलवली जातील. मालकांची सोय तिथं नाही. देखभाल छावणीचे कामगार करतील. सव्वाशे किलोमीटर. लोक संस्थेवर चालून आले तेव्हा मोहनरावांनी शांतपणे फोन वर करून दाखवला, "तुमीच हो म्हनलाव की. कलम हाय. संघाचा मानूसच वाचून दाखवून गेला मला." मग गाव ज्याला सिदू म्हणतं त्या माझ्याकडं सगळी तोंडं वळली. चिडलेलं कुणी नव्हतं, हेच वाईट. नुसतं विचारत होते, डोळ्यांनी, की सिदू, तू तर वाचलं होतंस. मी फायली आवरायचं सोंग केलं, मोहनरावांनी दिलेला लिफाफा खिशात कोंबला आणि पाचची गाडी पकडून अंबाजोगाईला घरी पळालो. रात्री विमलनं विचारलं, "अहो, जेवत का नाही?" मी म्हटलं, ऊन लागलं. त्यावर तिनं कांदा कापून दिला, आणि तो मी तळपायाला चोळत बसलो.

आज शनिवार, आणि अकराला छावणीतच सभा. मी पोचलो तेव्हा साखराबाई गायीच्या अंगावर ओलं पोतं फिरवत होती. तांबडी, लहान शिंगांची, पोटात वासरू, दिवस भरत आलेले. "ही दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत न्हाई," ती माझ्याकडं न पाहता म्हणाली. "मागल्या वेताला मला ताप आलता, सुनेनं धार काढाया घेतली तर लाथच मारली. आता ही कुटं तिकडं नदीवर विती आन् वासराला कोन बघतंय. मी न्हाई पाठवायची, सिदू. तू सांग त्यांला. तू वाचलंयस, तुला ठावं असंल काय बोलायचं ते." मी गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याकडं पाहत राहिलो. तिथं रक्त वाळून काळं झालं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं की मावशी, मी वाचलं नाही. चार शब्द. ते जिभेपर्यंत येत होते आणि तिथून परत फिरत होते. मी म्हणालो, "बघतो." स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

मोहनरावांनी मला जाळीमागं घेतलं. "कागद आनलास?" ते मला एरवी अहोजाहो करतात. "आणलाय." "सही?" मी खिशातला लिफाफा नुसता चाचपला. ते जवळ आले. "हे बघ शुद्धोधन, तू वाचून दाखवलंस म्हनलास की भांडान मिटतंय. मानसं शांत व्हत्यात. तुझ्या बापाचा शब्द माझ्या वडलांनीबी मोडला न्हाई कदी. आन् न्हाई म्हनलास तर काय व्हईल? जनावरं जायची ती जानारच. संघ म्हनंल, दुसऱ्याच्या फोनवर दाबायचा हक कुनी दिलता ह्याला? मंग तुझी सचिवकी कुटं ऱ्हाती? कावून उगा स्वतःच्या हातानं स्वतःचं घर बुडवतूस?" त्यांचं काही चुकत नव्हतं, म्हणूनच मला त्यांचा संताप आला. हो म्हणालो तरी जनावरं जाणार, नाही म्हणालो तरी जाणार. हो म्हटलं तर नोकरी राहील आणि हे लोक स्वतःलाच दोष देतील की आपण ऐकूनही विसरलो, आपलंच ध्यान नव्हतं. ते तसेच आहेत. नाही म्हटलं तर मी बुडेन आणि त्यांच्या पदरात काहीच पडणार नाही, उलट ज्याच्या भरवशावर राहिलो तो पोकळ निघाला एवढं नवं दुःख तेवढं पडेल. खोटं वाचून एखाद्याला रस्ताभर सुख देता येतं हे मी लहानपणीच पाहिलं होतं. पण तिथं बापानं आधी खरं वाचलं होतं. माझ्याकडं लपवायलाही काही नव्हतं.

सभा जाळीखाली भरली. जनावरं उभी, माणसं त्यांच्या पायांशी बसलेली. मोहनराव संघावर बोलले, न आलेल्या पावसावर बोलले, आणि शेवटी म्हणाले, "सचिव आपल्याला सांगतील की तुमाला समदं वाचून दाखवलंतं." मी उठलो. सगळ्यांच्या आधी मला ती तांबडी गाय दिसली, आणि तिच्या पोटाला हात लावून बसलेली साखराबाई. मी म्हणालो, "मी वाचलं नव्हतं." आवाज इतका बारीक आला की मागच्यांनी "काय म्हनला?" विचारलं. मग मी ओरडलो. "मी वाचलं नव्हतं! वाचलं म्हणून खोटं सांगितलं. कुणीच वाचत नाही ते. मीपण नाही वाचलं."

मोहनरावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. कुणी शिव्या देईल, ढेकूळ फेकेल, निदान थुंकेल म्हणून मी वाट पाहत होतो. साखराबाई म्हणाली, "मंग आता वाच." तेवढंच. जसं ताटात वाढायचं राहिलेलं मीठ मागावं. मी म्हणालो, "मावशी, आता तो उघडत नाही. एकदा मान्य केलं की दिसत नाही." तेव्हा मागून गहिनीनाथ उठला. हा आमचा सभासद गेले पंधरा दिवस लातूरला दवाखान्यात होता, पोटाचं आपरेशन झालेलं, काखेत अजून पिशवी. "माझा फोन ऱ्हायलाय बे," तो म्हणाला. "कालच पुतन्यानं घालून दिलंय ते, पर मी कायबी दाबलं न्हाई. मला इंग्लिश येत न्हाई म्हनून." त्यानं फोन पुढं दिला. बारीक अक्षरं, बुडाशी चौकोन. कोपऱ्यात एक इवलंसं 'म' होतं. मी ते दाबलं, आणि सगळा करार मराठीत झाला. मराठीत! तो पहिल्यापासून मराठीत होता. इंग्रजी असता तर निदान एक बहाणा माझ्यापाशी राहिला असता. एकेचाळीस पानं.

मी वाचू लागलो. पहिल्याच ओळीत 'परवानाधारक' आला आणि कुणीतरी विचारलं, "ह्यो कोन?" मी म्हटलं, "आपण." "आपन कशाचा परवाना काढला?" "फोनमधलं हे वापरायचा." मग 'उपरोक्त', मग 'अहस्तांतरणीय', मग एका पानावर सतरा वेळा 'अथवा'. जिथं मला कळेना तिथं मी म्हणालो, "हे मला कळत नाही," आणि लोक म्हणाले, "बरं, म्होरं." कुणी उठलं नाही. बायकांनी बसल्या जागी वैरण तोडून जनावरांपुढं टाकली आणि कान इकडं ठेवले. बाविसाव्या पानावर ते कलम आलं, संघाला जनावरं कुठंही हलवता येतील, मालकाची वेगळी संमती लागणार नाही. ते मी दोनदा वाचलं. मोहनराव म्हणाले, "हे बघा, हेच म्हनत हुतो मी," आणि उठायला लागले.

त्याच्या खालची ओळ मी मनात आधी वाचली, आणि तोंड उघडं ठेवून थांबलो. इतकी सरळ मराठी त्या करारात आधी कुठंच आली नव्हती. मला ती सोडून खालच्या परिच्छेदावर जाता आलं असतं. एकशे त्रेसष्टांतल्या कुणाला कळलं नसतं; मोहनरावांनाही ती माहीत नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. न वाचली तर दोष संघाचा, कंपनीचा, दुष्काळाचा राहणार होता. वाचली तर तो एकाच माणसाचा होणार होता. मग मी वाचलं. "'तथापि, मान्यतेच्या दिनांकापासून सात दिवसांच्या आत सभासदाने लेखी नकार कळविल्यास त्याचे जनावर हलविता येणार नाही, व अशा जनावरास मूळ छावणीतच चारा व पाणी देणे संघावर बंधनकारक राहील.'"

"म्हंजी न्हाई म्हनता येतंय!" गहिनीनाथ ओरडला. "न्हाई म्हना की मंग! कागद आना बे कुनीतरी!" जाळीखाली एकदम कालवा झाला. माणसं उठून उभी राहिली, एक बाई हसायलाच लागली, कुणी वहीचं पान फाडलं, कुणी गायीच्या पाठीवर थाप मारली. मोहनराव उभे होते ते खाली बसले. मी हात वर केला, पण माझ्याकडं कुणी पाहत नव्हतं. फक्त साखराबाई जागची हलली नव्हती. ती बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती, एकदा मोजून झालं, मग पुन्हा पहिल्यापासून.

"सिदू," ती म्हणाली, "आमी तुला फोन दिलते त्याला किती दिस झाले रं?"

तिच्या आवाजानं आजूबाजूचे गप्प झाले, मग त्यांच्या मागचे.

"नऊ," मी म्हणालो.

फाडलेलं वहीचं पान ज्याच्या हातात होतं त्यानं ते घडी घालून खिशात ठेवलं. लोक एकेक करून खाली बसले. साखराबाईनं गायीच्या पोटावरचा हात काढला नाही, माझ्याकडं पाहिलंही नाही.

"वाच म्होरं," ती म्हणाली. "आजून कशाकशाला हो म्हनलो आमी, ते तरी कळू दे."

अजून एकोणीस पानं होती.